पाहुण्यांना खिडकी द्या

—त्या स्टुलावर नको बसूस, त्याचा एक पाय डुगडुगतो, पडशील आणि मग जगभर सांगशील की नणंदेनं पाडलं. इकडे ये. हा रंगाचा मोठा डबा आहे ना, यावर बस, भरलेला आहे, हलत नाही. अगं झाकण घट्ट आहे, कपड्यांना काही लागत नाही. हां. तर तू ती. मला वाटलं बिजागरी बदलून मागायला आलंय कुणीतरी, तशीच तर उभी होतीस, पिशवी पोटाशी धरून, बोलू की नको, बोलू की नको — आणि एकदम म्हणालीस, मी त्यांची बायको. कुणाची, तर माझ्या भावाची! म्हटलं असेल बाई. लग्नाला बोलावलं असतंत तर निदान तोंडावळा तरी ओळखीचा झाला असता. नाही गं, रागावले नाही मी, मला कशाला राग येईल, मी आपली सख्खी बहीण, मला कोण बोलावणार. पण एक आधीच सांगते, दुकानातला वाटा मागायला आली असशील तर आल्या पावली — नाही? मग कशाला आलीस? इतक्या वर्षांनी वाट वाकडी करून कुणी नणंदेची ख्यालीखुशाली विचारायला येत नाही.

मुलाला मारलं? बरं मग? मुलांना मार बसतोच, आम्हीही खाल्लाय, त्यानं काही — असं मारलं? थांब, थांब, रडत बोलू नकोस, मला काही कळत नाही तसं. मीच सांगते, चुकलं तर मान हलव. कपड्यांच्या दुकानात गेलात तिघं. तुझा मुलगा — आठ वर्षांचा ना? — तिथं टांगलेल्या कोटांच्या मागं लपला, गंमत म्हणून. तू हाका मारत फिरलीस. आणि माझा भाऊ जागचा हललाच नाही, नुसता उभा, पांढराफटक. मग पोरगं भो करून बाहेर आलं, हसत, आणि यानं त्याला धरलं, आणि दुकानातल्या चार माणसांनी ओढून सोडवेपर्यंत — टाके पडले? ओठाला. हं. आणि तेव्हापासून घरी येत नाही, कामावरच झोपतो, त्या लिफ्टच्या वर्कशॉपमध्ये, मोटारी आणि केबलींच्या मध्ये. आणि तू डबा घेऊन गेलीस तर म्हणाला काय, तर ‘डोंगरावर गेलो होतो तेव्हा’ — आणि पुढं गप्प. पुढं काहीच नाही? आणि मग तू शोधत शोधत माझ्याकडे. म्हणे ताई, डोंगरावर काय झालं होतं.

हसू नको तर काय करू? अगं, तो आमच्या घरातला सगळ्यात मोठा विनोद आहे! कुणीही घरी येऊ दे, चहाचे कप खाली ठेवले की बाबा सुरू करायचे — ऐका, आमचे चिरंजीव डोंगरावर हरवले त्याची गोष्ट — आणि माणसं हसून हसून आडवी व्हायची. तू त्यासाठी एवढ्या लांबून आलीस? — काय हवंय हो तुम्हाला? कडी? आतून लावायची की बाहेरून? संडासाच्या दाराला एवढी जाड कडी कशाला, आत काय सोनं ठेवताय? ही घ्या. स्क्रू त्यातच आहेत. — आता इथून पुढं गिऱ्हाईक आलं तर तू आपली मान खाली घाल, गल्लीला वाटायला नको मी कुणाला रडवतेय.

तर ऐक. मी एकोणीस वर्षांची, तो नऊ. मध्ये दोन झाली होती, ती राहिली नाहीत, म्हणून हा असा उशिरा. आणि आईची तब्येत ही अशी, त्यामुळं तो वाढला कुणाच्या कडेवर? माझ्या. माझ्या अंथरुणात झोपायचा, माझ्या ताटात जेवायचा, शाळेतून आला की दप्तर फेकून आधी हाक कुणाला, तर ताई. आई हाक मारायची तर ‘ओ’ द्यायचा नाही, मी मारली की धावत. सगळे म्हणायचे, ताईचं शेपूट. ते असो. बाबांनी त्या वर्षी ठरवलं की आपण कुठंतरी जायचं. आम्ही कधी कुठं गेलोच नव्हतो, दुकान सोडून जाणार कोण. पण शेजारचा काचवाला जाऊन आला होता डोंगरावर आणि दोन महिने सांगत बसला होता, ढग कसे खोलीत येतात, घोड्यावर कसं बसायचं, म्हणून बाबांना झोंबलं. आठ दिवस दुकान बंद आणि आम्ही चौघं बसमध्ये. आई वळणावळणाला ओकत होती. ढग खोलीत आले खरे, पण त्यांच्याबरोबर वासही आला — लॉजच्या गाद्या अशा ओल्या, की पाठ टेकली की कुणीतरी आधी रडून गेलंय असं वाटायचं. चौघांना एक खोली, दोन खाटा, मी आणि तो एका खाटेवर. त्याचे पाय बर्फासारखे, माझ्या पोटऱ्यांना लावायचा आणि हसायचा.

बाबांचा स्वभाव तुला माहीत नाही, तू पाहिलंच नाहीस त्यांना. गमत्या माणूस. या उंबऱ्यावर त्यांनी एक नाणं चिकटवलं होतं, डिंकानं नव्हे, पक्क्या सोल्यूशननं, आणि गल्ल्यावर बसून दिवसभर बघायचे, कोण वाकतं, कोण नखानं खरवडतं, कोण आजूबाजूला बघून बुटाचा पाय ठेवतं त्याच्यावर. एकदा एक म्हातारा उचलायला वाकला तो तसाच राहिला, कंबर धरली त्याची. बाबा इतके हसले इतके हसले की त्यांनाच ठसका लागला. तर अशी गंमत. आणि घरातही तशीच, पानात मीठ घालून ठेवायचं, खुर्ची ओढायची — आम्ही सरावलो होतो. धाकटा नाही सरावला. तो प्रत्येक वेळी फसायचा, आणि फसला की असा बघायचा, जसं काही त्याच्याच हातून काही चुकलंय. त्यामुळं बाबांना आणखी चेव यायचा.

आणि रेंगाळायची सवय. तिथं त्या उंच झाडांखाली लाकडी फुलांसारखी बोंडं पडलेली असतात ना, ती वेचत बसायचा. चार पावलं चालला की वाकला, चार पावलं की वाकला. खिसे फुगलेले, टोपीत बोंडं. बाबा पुढून ओरडायचे, अरे चल, अरे चल. तिसऱ्या का चौथ्या दिवशी आम्ही त्या कड्यावर गेलो, जिथून म्हणे सगळी दरी दिसते — दिसत होतं काय, तर धुकं. लोखंडी कठडा, त्याच्या पलीकडे पांढरं, अलीकडे पांढरं, मध्ये चहाच्या दोन टपऱ्या आणि भिजलेली घोडी. हा मागं राहिलेला, बोंडं वेचत. बाबा म्हणाले, लपू या. बघू किती वेळानं कळतं. एकदा चांगला भेदरला ना, की जन्मात रेंगाळायचा नाही. आई म्हणाली, नको हो, कडा आहे. बाबा म्हणाले, कठडा आहे ना, तुझं काय, ये इकडे. आणि आम्ही तिघं टपरीच्या मागं गेलो, फळ्या होत्या उभ्या केलेल्या, त्यांच्या आड.

कशाला लपलात म्हणजे? मुलं लपतात की नाही मोठ्यांपासून? मग मोठे एकदा लपले तर काय आभाळ कोसळलं? आणि फार वेळ नाही. आला तो कठड्यापर्यंत, टोपी दोन्ही हातांत धरून, बोंडांनी भरलेली, आणि म्हणाला, ताई, हे बघ केवढं मोठं — आणि कुणी नाही. आधी हसला. त्याला वाटलं आम्ही पुढं गेलोय. मग हाक मारली. पहिली हाक आईला नव्हती, बाबांना नव्हती. इकडे बाबांनी तोंडात रुमाल कोंबलेला, हसू आवरेना त्यांना. आईसुद्धा हसत होती, खोटं कशाला बोलू, घाबरतही होती आणि हसतही होती. आणि ध्यानच दिसत होतं तसं — टोपीतली बोंडं एकेक करून खाली पडतायत, त्याला पत्ताच नाही, आणि स्वेटरच्या गळ्याचा सुटलेला धागा दातांत धरून चावतोय, रडत नाहीये हां, डोळे कोरडे, नुसता खालचा ओठ असा आत ओढून घेतलेला—

काय?

धुक्यात कसं दिसलं म्हणजे? दिसलं. असं — धुकं काय भिंत असते का? कमी-जास्त होतं ते. मध्येच विरळ झालं असेल. तू वकील आहेस का? गोष्ट सांगतेय तर ऐक, नाहीतर ऊठ त्या डब्यावरून.

तर. एक बाई होती तिथं, जांभळा कोट घातलेली, तिचा नवरा ढेरपोट्या, दोन मुली, एकीच्या गळ्यात दुर्बीण. सुखवस्तू माणसं, स्वतःची गाडी असलेली. ती बाई थर्मासमधून मुलींना काहीतरी ओतून देत होती. आणि हा काय करतो? आम्हाला वाटलं आता भोकाड पसरणार, मग आम्ही निघू भो करून, हसू, संपलं. हा टोपी खाली ठेवतो. नीट. जमिनीवर. आणि सरळ चालत त्या बाईकडे जातो आणि तिचा हात धरतो. मोकळा होता तो हात, तो धरला. ती खाली वाकली, काहीतरी विचारलं, यानं काहीतरी सांगितलं. मग तिनं त्याला तो प्याला दिला, आपल्या मुलीच्या आधी. बाबा म्हणाले, बघा, बघा बेट्याला, फुकटचं पितोय. आणि पुन्हा हसले. पण ती माणसं त्याला घेऊन गाडीकडे निघाली तेव्हा हसू गेलं. आई ओरडली. बाबा पळाले. पण चिखल, घोडी, आणि चहावाला मध्येच पैसे मागायला आला — गाडी निघूनच गेली. मागच्या काचेतून त्या दुर्बीणवाल्या पोरीचं डोकं दिसत होतं आणि शेजारी याचं.

तेवढं सगळं गाव पालथं घातलं आम्ही. आईची चप्पल तुटली, अनवाणी फिरत होती, सगळ्यांना विचारत होती, जांभळा कोट पाहिलात का. शेवटी चौकीत सापडला. टेबलावर बसवलेला, ती गाडीवाली माणसं शेजारीच उभी, अंगावर त्या बाईची शाल, हातात बिस्किटाचा पुडा, पाय हलवतोय. बाबा दारातूनच म्हणाले, चला राजे, झाला का पाहुणचार? तर तो हवालदार म्हणतो, थांबा, तुम्ही कोण. बाबा म्हणाले, बाप. हवालदारानं याला विचारलं, काय रे, हे तुझे वडील? आणि यानं बाबांकडे बघितलं. मग आईकडे. मग माझ्याकडे — माझ्याकडे जरा जास्त वेळ. आणि म्हणाला, नाही. मी ह्यांना ओळखत नाही. माझं कुणी नाही.

आता सांग! नऊ वर्षांचं पोर! कुणाचं घर मोडायचं तर असं. बाबा हसले आधी, म्हणाले गंमत करतोय, आमच्याकडे सगळे गमतीच करतात. पण हवालदार हसेना. ढेरपोट्या मध्ये पडला, म्हणाला असं कसं सोपवणार हो कुणाच्याही हातात, दिवस कसले आहेत. कुणाच्याही! बाबांना! हवालदारानं विचारलं, मुलाच्या अंगावरची काही खूण सांगा. बाबांना आठवेना. घामाघूम झाले. बापाला मुलाची एक खूण सांगता येईना, आणि ती जांभळी बाई असं बघत होती बाबांकडे, जसं काही आपण गटारात पाहतो. आईनं सांगितली शेवटी, गुडघ्याखालचा व्रण, पत्रा लागला होता दुकानात. तरी भागेना. लॉजच्या मॅनेजरला बोलावलं, तो तासाभरानं डुलत डुलत आला, तोवर बाबा बाकावर बसलेले, चोरासारखे, येणारा-जाणारा बघतोय. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना हसत होते. मॅनेजरनं ओळखलं, सही केली, सुटलो. तर हा टेबलावरून उतरेना. त्या बाईचा कोट धरून बसला. तिला दोन्ही हातांनी त्याची बोटं सोडवावी लागली, एकेक करून, आणि ती बाई रडत होती. ती का रडते? तिचं कोण मेलं होतं? तास-दोन तास मुलाला थर्मासमधलं पाजलं की आई होते का माणूस?

आणि तिकडे सगळे याचे लाड करत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

खोलीवर आल्यावर आईनं विचारलं, का रे असं केलंस, का बोललास असं. हा भिंतीला लागून उभा. म्हणाला, ताईनं मला बघितलं. बाबा म्हणाले, काय? म्हणाला, ताई फळीच्या मागं होती, मी तिला बघितलं आणि तिनं मला बघितलं, आणि तिनं ओठावर असं बोट ठेवलं. बाबा वळले माझ्याकडे. खरं का गं? मी म्हटलं, नाही. म्हटलं, एवढ्या धुक्यात काय दिसतंय, स्वप्नात पाहिलं असेल. मग बाबांनी त्याला धरला. चौकीतलंही त्यातच वसूल केलं म्हण. बहिणीवर आळ घेतोस, म्हणाले. माझं नाव घेत घेत मारलं त्याला, आणि तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, आता म्हणेल, आता म्हणेल, असं. त्या दिवशी तो माझ्या खाटेवर आला नाही झोपायला. जमिनीवर झोपला, त्या ओल्या फरशीवर. मी दोनदा म्हटलं वर ये. दोनदा. तिसऱ्यांदा कोण म्हणतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो, तीन दिवस बाकी असताना. बसमध्ये सगळे घुम्यासारखे बसलेले. आई ओकायलासुद्धा विसरली. आणि जागा धरताना हा मधेच उभा, कुठं बसू कळेना त्याला, तर मी म्हटलं, अहो बाबा, पाहुण्यांना खिडकी द्या. बास! बाबांनी वर बघितलं. काल चौकीपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. म्हणाले, या पाहुणे, या, बसा खिडकीशी, आपण कुठले? आणि कंडक्टर आला तर म्हणाले, आमची तीन, हे गृहस्थ वेगळे आहेत, त्यांचं त्यांना विचारा. सगळी बस हसली. हसली म्हणजे काय, ड्रायव्हरसुद्धा मागं वळून हसला. आणि मग ते नावच पडलं. घरी गेल्यावर त्याला पाहुण्यांची काचेची प्लेट. बाबा त्याला अहो-जाहो करायचे. अहो पाहुणे, पाणी हवं का आपल्याला? आपण अंघोळ करून घेणार का? राहणार का अजून काही दिवस? नऊ वर्षांच्या पोराला! गिऱ्हाईकं लोटपोट. आधी तो रडायचा, म्हणायचा बाबा मला अरे म्हणा ना, एकदाच अरे म्हणा. मग बंद झालं ते रडणं. मग तोही अहो म्हणायला लागला सगळ्यांना. मलासुद्धा. ‘तुम्ही जरा सरकता का’, मला! मी त्याचं नाक पुसलेलं.

किती वर्षं म्हणजे? गंमत काय कॅलेंडर बघून थांबते? बाबा जाईपर्यंत. त्यांनी मरेपर्यंत त्याला ‘अरे’ म्हटलं नाही. आई म्हणायची कधी कधी, चोरून, स्वयंपाकघरात. पण आईचं काय, ती दोन्हीकडून. तो एकोणीसचा झाला आणि निघून गेला, एक बॅग घेऊन, दारात उभा राहून म्हणाला काय, तर ‘येतो, त्रास झाला असेल तर माफ करा’. आता हे विनोदानं म्हणाला की कसं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. आई गेली तेव्हा आला होता. पाहुण्यासारखाच बसला, खुर्चीच्या टोकावर. मी पाणी दिलं तर थँक्यू म्हणाला. पेल्याला धन्यवाद देऊन गेला, आईच्या अंगावर हात ठेवून रडला नाही. आणि बाबा गेले तेव्हा तर तोंडही दाखवलं नाही. कळवलं होतं मी. म्हणजे — कळवणारच होते. फोन लागत नव्हता. त्याला वर्षानं कळलं? कुणाकडून? काचवाल्याच्या मुलाकडून? बरं झालं, कळलं ना कुणाकडून तरी. बाबा शेवटी शेवटी विचारायचे, पाहुणे आले का, पाहुणे आले का — दारावर डोळे लावून — आणि मी म्हणायचे, त्यांना सवड नाही हो. मग काय म्हणू? बोलावून आणला असता आणि शेवटच्या घटकेला माझा बाप त्याच्यापुढं रडला असता, क्षमा-बिमा मागत बसला असता, आणि हा पुन्हा तसा टेबलावर बसल्यासारखा बसला असता पाय हलवत, आणि मी? जिनं दुकान बघितलं, आईचं केलं, बाबांचं केलं, जिचं लग्न राहून गेलं, ती कोण? पाणी देणारी?

— दोन इंची खिळे नाहीत. संपलेत. नाही, उद्या पण नाहीत. पुढच्या चौकात विचारा. जा.

आता तू कशाला रडतेस? अगं विनोद आहे हा! सांगितला तर लोक हसतात. मला बाबांसारखा सांगता आला नाही म्हणून की काय — हे बघ, मी तुला सांगते तुझ्या भल्याचं. जो माणूस नऊ वर्षांचा असताना आईबापाला ओळखत नाही म्हणाला, तो तुला काय ओळख देणार? आज मुलाचा ओठ फोडला, उद्या तुझा फोडेल, परवा दारात उभा राहून म्हणेल त्रास झाला असेल तर माफ करा. त्याच्या रक्तातच नाही माणूस धरून ठेवणं. पोराला घे आणि माहेरी जा. मुकाट्यानं. त्याला राहू दे तिथं केबलींमध्ये.

काय म्हणालीस? मोठ्यानं बोल.

नाही, मी नाही म्हटलं तसं. कधी म्हटलं? स्वेटरचा धागा — तो तर नेहमीच चावायचा, ते काय बघावं लागतं का, ते मला डोळे मिटूनही — ओठाचं? ते... हो, दिसलं. दिसलं मला! झालं समाधान? तुझ्या-माझ्यामध्ये आहे एवढंसुद्धा अंतर नव्हतं, दोन फळ्यांच्या फटीतून, आणि त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि मी केलं असं, ओठावर बोट. गप्प. मग? काय चुकलं? बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, घट्ट, ते हसत होते, माझ्याशी हसत होते, बाबा कधी कुणाशी मिळून हसायचे नाहीत, कुणाला तरी हसायचे — आणि त्या दिवशी आम्ही दोघं मिळून हसत होतो. आणखी थोडाच वेळ तर थांबायचं होतं त्याला! मला बघितलं होतं ना त्यानं? मी तिथंच होते ना? मग ज्याला बहीण दिसतेय तो हरवलेला कसा? तो हरवला नव्हता गं, कुणीही काहीही म्हणू दे, तो हरवला नव्हता, त्यानं मला बघितलं, नीट बघितलं, आणि मग टोपी खाली ठेवली, आणि वळला, आणि त्या परक्या बाईचा हात धरला. मला बघून. मी असताना. त्यानं निवडली तिला. आणि तू मला विचारतेस, मी बाबांना ‘नाही’ का म्हटलं!

तो अजून म्हणतो? काय म्हणतो? की त्यालाच आता नक्की माहीत नाही. की कदाचित त्यालाच भास झाला असेल. चाळीस वर्षांनी झोपेतून उठून तुला विचारतो, धुक्यात एवढं लांबचं दिसतं का गं.

हं.

नाही. मी येणार नाही. कुठं येऊ? वर्कशॉपमध्ये? काय सांगू, की तू खोटारडा नव्हतास? एवढ्यासाठी मी दुकान सोडून — तूच सांग, तुला सांगितलंय ना मी, तूच जाऊन सांग, मी कुठं अडवलंय. नाही पटणार? माझ्याच तोंडून हवं? मग राहू दे त्याला तसंच. चाळीस वर्षं राहिला, मेला नाही. लिफ्ट दुरुस्त करतो, बायको केली, पोर केलं, काय कमी पडलं? माझं काय झालं ते विचारलं कुणी? तू विचारलंस, आल्यापासून? ताई ताई करत आलीस, आणि ताई कशी आहे एवढं तरी —

हात सोड. हात सोड माझा. गिऱ्हाईकं बघतायत.

कसा दिसतो गं आता? केस गेले का बाबांसारखे? — नको, राहू दे. फोटो काढू नकोस पिशवीतून. मला बघायचा नाही. चष्मा नाही माझ्याकडे. ठेव म्हटलं ना आत!

ऊठ. ऊठ त्या डब्यावरून, गिऱ्हाइकाला द्यायचाय तो. नाही, मी काही विचार-बिचार करणार नाहीये, पत्ता ठेवू नकोस इथं. आणि पोराला तर मुळीच आणू नकोस. मला शटर ओढायचंय. आत्ताच. भर दुपारी कोण बंद करतं म्हणजे? दुकान माझं आहे, मी करते. उभी काय राहिलीस तिथं चौकटीला हात लावून — सरक मागं. सरक म्हणतेय ना. बोटं सापडतील तुझी.